घरचा ग्रंथसंग्रह : बांधीव मासिकें आणि एक कापलेलें पान

अमरावतीच्या आमच्या जुन्या घरीं दिवाणखान्यांत एक सागवानी कपाट आहे. त्याच्या खालच्या दोन फळ्यांवर कातडी पाठीचे आणि कापडी पुठ्ठ्याचे कांहीं जाड ग्रंथ ओळीनें उभे आहेत. नवखा पाहुणा ते पाहून म्हणतो, “कायद्याचे रिपोर्ट दिसतात हे.” आजोबा वकील होते, तेव्हां हा तर्क अगदींच वावगा नव्हे, परंतु तो चुकीचा आहे. १९०९ सालापासून पुढें पंचवीस वर्षें आजोबांनीं वर्गणी भरून जीं सचित्र मराठी मासिकें घेतलीं, त्यांचे ते वर्षवार बांधलेले खंड होत. पोस्टमननें अंक आणून दिला कीं तो प्रथम आजोबांनीं वाचावा, मग तो माजघरांत जावा, आणि वर्ष संपलें कीं बाराही अंक बाइंडराकडे रवाना व्हावेत, असा त्यांचा शिरस्ता होता. अंकावर कोणीं पेन्सिलीची एवढीशी खूण केलेली त्यांस खपत नसे. पान दुमडणाऱ्याची तर ते चांगलीच खरडपट्टी काढीत.

१९५१ सालीं माझे वडील व काका विभक्त झाले आणि काका अकोल्यास स्थायिक झाले. शेताची वांटणी झाली, भांड्याकुंड्यांची झाली. शेवटीं हे खंड राहिले. दोघेही भाऊ न्यायी. दुसऱ्याच्या वांट्याचें एकही पान आपणांकडे येऊं नये अशी दोघांचीही इच्छा. तेव्हां असें ठरलें कीं, विषम सालांचे खंड अमरावतीस रहावेत आणि सम सालांचे अकोल्यास जावेत. या निवाड्यानें भावांपैकीं कोणावरही अन्याय झाला नाहीं. झाला तो फक्त पुस्तकांवर. क्रमशः छापलेली एखादी कादंबरी अमरावतीस सुरू होई आणि तिची नायिका पुढल्या वर्षीं अकोल्यास सासरीं जाई! लहानपणीं तिचें पुढें काय झालें हें कळण्यासाठीं मला मे महिन्याच्या सुटीची वाट पहावी लागे. सुटी लागली कीं बडनेऱ्याहून गाडी धरून काकांचें घर गांठावयाचें.

आमच्या वांट्याच्या खंडांपैकीं १९१७ सालच्या एका खंडांत दिवाळी अंकाचें एक रंगीत चित्र नाहीं. चित्रावरचा झिरझिरीत कागद तेवढा जागच्या जागीं आहे. अनुक्रमणिकेंत ‘बाळकृष्ण’ असें चित्राचें नांव आहे. आणि शिवणीच्या कडेला अर्ध्या बोटाएवढी पट्टी शिल्लक आहे. चित्र फाडलेलें नाहीं. धारदार चाकूनें एका सरळ रेषेंत कापलेलें आहे. इतक्या हळुवार हाताचा हा चोर कोण असावा, या कोड्यानें मला कित्येक वर्षें छळलें. त्याचा उलगडा गेल्या फाल्गुनांत अकोल्यास झाला. तो सांगण्यापूर्वीं अशा बांधीव खंडांविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. कारण वऱ्हाडांतील पुष्कळ घरांच्या माळ्यांवर ते आजही पडून असतील, आणि त्यांचें करावें काय, हा प्रश्न दर दिवाळीच्या झाडलोटीच्या वेळीं गृहिणींपुढें उभा रहात असेल.

सचित्र नियतकालिकें बांधून ठेवण्याच्या या आवडीचें खरें वैभव पहावयाचें असेल तर फ्रान्सकडे पाहिलें पाहिजे. लंडनांत १८३२ सालीं ‘पेनी मॅगझिन’ निघालें. त्याचा कित्ता गिरवून एदुआर शार्तों या गृहस्थानें दुसऱ्याच वर्षीं पॅरिसांत ‘मागाझें पित्तोरेस्क’ हें स्वस्त सचित्र पत्र काढलें. १८४३ च्या मार्चांत ‘लिलुस्त्रास्यों’ हें मोठ्या आकाराचें साप्ताहिक निघालें. त्याच्या संस्थापकांतही हा शार्तों होताच. पुढें १८६० सालीं त्यानें ‘ल तूर द्यु मोंद’, म्हणजे ‘जगाची प्रदक्षिणा’, हें प्रवासवर्णनांचें सचित्र नियतकालिक सुरू केलें. एका माणसाच्या हयातींत तीन नामांकित पत्रांचा जन्म झाला, आणि आज जुन्या पुस्तकांचे शोकी ज्या फ्रेंच खंडांसाठीं धडपडतात, त्यांतील कितीतरी या तिहींपैकींच असतात.

या पत्रांतील चित्रांची करामत समजून घेण्याजोगी आहे. बॉक्स नांवाच्या अत्यंत कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर कारागीर चित्र कोरीत. कोरून उरलेली उंच रेघ शाई घेई. आणि ठसा खिळ्यांच्याच उंचीचा असल्यामुळें मजकूर व चित्र एकाच वेळीं, एकाच दाबाखालीं छापतां येत. हें झाड लहान खोडाचें. म्हणून मोठ्या चित्रासाठीं लाकडाचे अनेक तुकडे एकमेकांस स्क्रूनें जोडीत, आणि घाई असली कीं ते सुटे करून निरनिराळ्या कारागिरांच्या हातीं देत. जुन्या खंडांतील मोठ्या चित्रांवर कोठें कोठें बारीक पांढरी रेघ आडवी-उभी गेलेली दिसते, ती या सांध्यांची. १८९१ सालीं ‘लिलुस्त्रास्यों’नें छायाचित्र छापलें आणि १९०७ सालीं रंगीत छायाचित्र छापलें. हळूहळू लाकूड कोरणाऱ्यांचा धंदा बसला. खुद्द तें साप्ताहिक १९४४ सालीं बंद पडलें.

कोणी म्हणेल, या परक्या कागदांशीं आपला काय संबंध? त्यास एकच उदाहरण पुरे आहे. लुई रूसले नांवाचा तरुण फ्रेंच प्रवासी १८६० नंतरच्या दशकांत हिंदुस्थानांत येऊन कांहीं वर्षें फिरला, आणि येथेंच छायाचित्रें काढावयास शिकला. बडोद्यास खंडेराव गायकवाड यांच्या दरबारीं त्याचा पाहुणचार झाला. त्याचें प्रवासवर्णन १८७० नंतर ‘ल तूर द्यु मोंद’मध्यें क्रमशः आलें, आणि १८७५ सालीं पॅरिसच्या आशेत प्रकाशनानें त्याचा ग्रंथ काढला. बडोद्यांतील हत्तींच्या साठमारीचीं आणि मिरवणुकींचीं चित्रें अशा रीतीनें पॅरिसच्या दिवाणखान्यांत प्रथम गेलीं तीं नियतकालिकाच्या पानांतून. एका मराठी संस्थानाचें तत्कालीन दर्शन आपणांस एका फ्रेंच पत्राच्या खंडांत मिळावें, यांतच असल्या खंडांचें महत्त्व दिसून येतें.

आतां आपल्या घराकडे वळूं. अहमदनगरास १८४२ सालीं मिशनऱ्यांनीं काढलेल्या ‘ज्ञानोदया’त लाकडी ठशांचीं चित्रें येत. १८७८ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानें पुण्यास चित्रशाळा निघाली आणि देवादिकांचीं व मराठी इतिहासांतील पुरुषांचीं रंगीत चित्रें घरोघर गेलीं. विनायक कोंडदेव ओक यांचें ‘बालबोध’ १८८१ सालीं आणि हरि नारायण आपटे यांचें ‘करमणूक’ १८९० सालीं सुरू झालें. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी आपण आज पुस्तकरूपानें वाचतों. ‘करमणुकी’च्या पहिल्या वाचकांनीं ती आठवड्याआठवड्यास थोडीथोडी, वाट पहात, वाचली. याच हरिभाऊंनीं १९१२ सालीं अकोल्यास भरलेल्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें होतें. त्या मंडपांत बसलेल्यांपैकीं किती जणांच्या घरीं ‘करमणुकी’चे बांधीव खंड असतील, हा विचार मनांत आला म्हणजे आजही मौज वाटते.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांचें ‘मनोरंजन’ १८९५ सालीं निघालें. १९०९ सालीं त्यांनीं मराठींतील पहिला दिवाळी अंक काढला. आजोबांची वर्गणी त्याच वर्षापासूनची. १९१० सालीं चित्रशाळेनें ‘चित्रमय जगत्’ काढलें. १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’, १९२६ सालीं ‘रत्नाकर’ आणि १९३० सालीं ‘स्त्री’ अशी ही परंपरा पुढें वाढत गेली. विविधज्ञानविस्तारांत चित्रें नसत. तथापि आम्हां वऱ्हाडकरांना त्याच्या १९०२ च्या खंडाचा विशेष अभिमान वाटावयास हवा, कारण बुलढाण्यास जन्मलेल्या आणि पुढें खामगांव-जळगांवास वकिली केलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा ‘साक्षीदार’ हा विनोदी लेख त्यांत प्रथम प्रसिद्ध झाला. ‘नवयुगा’च्या १९१७-१८ च्या अंकांत तर दादासाहेब फाळके यांनीं आपल्या चित्रपटाच्या उद्योगाची हकीकत स्वतः लिहिली आहे. चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं फाळके हे ठसे करणें व रंगीत छपाई यांचाच धंदा करीत आणि तीन रंगांच्या छपाईच्या सामुग्रीसाठीं १९०९ सालीं जर्मनीसही जाऊन आले होते. मासिकांतील स्थिर चित्र आणि पडद्यावरील हलतें चित्र यांचें नातें आपल्याकडे असें एकाच माणसाच्या हातून जुळलें.

असा एखादा खंड आपल्या घरीं सांपडला, तर प्रथम काय पहावें? एक भिंग घ्यावें आणि चित्रावर धरावें. सुट्या, धारदार रेघा दिसल्या तर चित्र लाकडी ठशाचें असण्याचा संभव. लहानमोठ्या ठिपक्यांची जाळी दिसली तर तें छायाचित्रावरून तयार केलेल्या हाफटोन ठशाचें. आणि खडूनें घासल्यासारखी अनियमित रवाळ छटा दिसली तर शिळाछापाचें. हें एकदां कळलें म्हणजे चित्र पहाण्याची गोडी दुप्पट होते, आणि मुलांना तर हा खेळच होऊन बसतो.

दुसरी गोष्ट पृष्ठांकांची. पुष्कळ मासिकांत पृष्ठांक दर महिन्यास पुन्हां एकापासून सुरू न होतां वर्षभर सलग चालत, आणि वर्षाच्या शेवटीं अनुक्रमणिका मिळे. याचा अर्थ असा कीं, बारा अंकांचें मिळून एक पुस्तक व्हावें हा हेतु संपादकांच्या मनांत पहिल्यापासून होता. म्हणून पृष्ठांक मोजून खंड पुरा आहे कीं नाहीं हें ठरवावें, आणि चित्रें अनुक्रमणिकेशीं ताडून पहावींत; कारण स्वतंत्र कागदावर छापलेल्या चित्रांस पुष्कळ वेळां पृष्ठांक नसतो आणि त्यांची चोरी पटकन उमगत नाहीं.

तिसरी गोष्ट बाइंडराची. हा प्राणी स्वच्छतेचा भोक्ता. वेष्टनें आणि जाहिरातींचीं पानें त्याला कचरा वाटत. तीं तो काढून टाकी, आणि मग तिन्ही बाजूंनीं अशी कापणी करी कीं समासांतील मजकुरासही धार लागे. आज पहावें तों लेख अन्यत्र सांपडतात. सांपडत नाहींत तीं नेमकीं हीं टाकलेलीं पानें. साबण, घड्याळें, बाजाच्या पेट्या, केसांचीं तेलें, शक्तीचीं औषधें यांच्या त्या जाहिरातींत त्या पिढीच्या संसाराचा जमाखर्च उमटलेला असतो. ज्या खंडांत वेष्टनें शाबूत असतील तो खंड दुप्पट मोलाचा समजावा, आणि हल्लीं नव्यानें बांधणी करून घेणाऱ्यांनीं बाइंडरास आधींच बजावून ठेवावें कीं, एकही पान टाकावयाचें नाहीं आणि कापणी मुळींच करावयाची नाहीं.

आतां जतनाविषयीं. वाचकांस एक नवल वाटेल. १८४० च्या सुमाराचा चिंध्यांच्या कागदावरील फ्रेंच खंड आजही पांढरा व चिवट राहूं शकतो, आणि त्यापेक्षां ऐंशी वर्षांनीं लहान असलेला आमचा मराठी खंड तपकिरी पडून पापडासारखा मोडतो. याचें कारण कागदाच्या कुळांत आहे. चिंध्यांच्या लगद्याऐवजीं लांकडाचा लगदा वापरण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रूढ झाली. त्या लगद्यांतील द्रव्यें आणि खळीसाठीं घातलेली तुरटी यांमुळें कागदांत आम्लता येते व ती त्याला आंतून खात जाते. त्यांतच वऱ्हाडचा उन्हाळा म्हणजे कागदाला भट्टीच. म्हणून खंड पत्र्याच्या छपराखालीं किंवा पश्चिमेच्या भिंतीशीं ठेवूं नयेत. घरांतील सर्वांत थंड, कोरड्या व अंधाऱ्या खोलींत ठेवावेत. मोठ्या आकाराचे खंड उभे न ठेवतां आडवे ठेवावेत. नाहीं तर स्वतःच्याच भारानें त्यांची पाठ फाटते. पावसाळा संपला कीं सावलींत वारा द्यावा. उन्हांत मात्र टाकूं नयेत. वाळवी व कसर यांसाठीं आपल्या वडीलधाऱ्यांचा वेखंडाची पुरचुंडी ठेवण्याचा उपाय चांगला आहे. पुरचुंडी पानांस न लावतां फळीवर ठेवावी. जुने कारागीर खळींत मोरचूद घालीत. तो विषारी आहे, हें ध्यानांत ठेवून पानें उलटतांना बोट जिभेस लावण्याची संवय सोडावी. आणि फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावण्याचा मोह तर कधींही होऊं देऊं नये. पांच वर्षांनीं पट्टी गळून पडते आणि तिचा पिवळा डाग तेवढा जन्माचा रहातो.

या सर्वांहून मोठा शत्रु म्हणजे कात्री. पॅरिसांतील कांहीं व्यापारी जुने खंड उसवून त्यांतील चित्रें सुटीं विकतात. कारण अखंड ग्रंथापेक्षां फ्रेमींतील सुट्या चित्रांचे पैसे अधिक येतात. आपल्याकडेही हा धंदा सुरू झाला आहे. खंड उसवला कीं चित्र उरतें. परंतु तें कोणत्या महिन्यांत, कोणत्या लेखाशेजारीं, कोणत्या बातमीच्या पाठोपाठ आलें, हें सर्व जातें. या विषयावर मीं आजपर्यंत अनेकांस उपदेश केला आहे, आणि चित्र कापणाऱ्यास मनांतल्या मनांत शापही दिले आहेत. अशा तोऱ्यांतच मी फाल्गुनांत अकोल्यास गेलों.

निमित्त असें झालें कीं, चुलतभावानें दूरध्वनि करून कळविलें, “घर पाडून तेथें इमारत व्हायची आहे. आम्ही तीन खोल्यांच्या जागेंत जातों आहों. आजोबांचे खंड ठेवायला तेथें जागा नाहीं. रद्दीवाला येऊन वजनाचा भाव सांगून गेला. पण मला धीर होत नाहीं. तूं घेऊन जा.” मला आनंद झाला, हें कबूल केलें पाहिजे. सत्तर-पाऊणशें वर्षांनीं सम आणि विषम एकत्र येणार, आणि तेही माझ्या कपाटांत! दोन रिकाम्या ट्रंका घेऊन मी गाडींत बसलों.

काकूंचें वय आज शहाऐंशीं. त्या मधल्या खोलींत खिडकीशीं बसल्या होत्या; पुढ्यांत उशी, उशीवर १९१२ सालचा खंड आणि हातांत भिंग. मीं नमस्कार केला आणि ट्रंका उघडल्या.

“काकू, तुमचे सम आणि आमचे विषम आतां एकत्र होतील. मी हे अमरावतीस नेतों.”

“ने कीं,” त्या शांतपणें म्हणाल्या. “पण मग दुपारीं मी वाचूं काय रे?”

मला उत्तर सुचेना. त्याच पुढें बोलूं लागल्या. “लग्न होऊन आलें तेव्हां मी अठरा वर्षांची. मामंजी तर मी पाहिलेच नाहींत. सासूबाईंना मोतीबिंदु. दुपारचीं भांडीं आवरलीं कीं त्या एक खंड माझ्या पुढ्यांत ठेवीत. मीं वाचायचें, त्यांनीं ऐकायचें. सालाच्या शेवटीं कादंबरी अर्ध्यावर थांबली कीं पुढलें साल तर तुमच्याकडे! मग त्या मला पुढलें तोंडीं सांगत. अख्खें वर्ष त्यांना पाठ होतें. तुझ्या कपाटांतलीं सगळीं विषम सालें मीं वाचलेलीं नाहींत, पण ऐकलेलीं आहेत बरें.”

वांटणी करणाऱ्या दोघां न्यायी भावांस जें सुचलें नाहीं, तें त्यांच्या आईनें माजघरांत बसून, कोणास न सांगतां, केलें होतें. दुभंगलेला ग्रंथ तिनें आपल्या स्मरणानें सांधून ठेविला होता.

मी ट्रंका तशाच टाकून देवाला नमस्कार करावा म्हणून देवघरांत गेलों. मूर्तींच्या मागें भिंतीस टेकून एक काचेची तसबीर होती. लहानपणापासून मी ती पहात आलों होतों. परंतु तिच्याकडे नीट पाहिलें कधींच नव्हतें. उदबत्तीच्या धुरानें काच काळवंडलेली, तिच्यावर कुंकवाचीं वाळलेलीं बोटें. आंत रांगणारा बाळकृष्ण. खालीं बारीक टायपांत चित्राचें नांव. आणि डावीकडची कड अशी सरळ, जशी पट्टी धरून चाकूनें कापावी.

मी काकूंकडे आलों आणि विचारलें. त्यांनीं भिंग खालीं ठेविलें.

“तुला ठाऊक नव्हतें? एकोणीसशें अठराची मानमोडीची साथ. सासूबाईंचा पहिला मुलगा, तुझ्या वडिलांच्या आधींचा, दोन वर्षांचा, दसऱ्यानंतर चार दिवसांत गेला. त्या रडल्याही नाहींत आणि अन्नाला शिवल्याही नाहींत. नवव्या रात्रीं मामंजींनीं दिवा जवळ घेऊन कपाट उघडलें, पट्टी लावली आणि पुस्तकांतलें चित्र कापलें. दुसऱ्या दिवशीं काच बसवून आणलें आणि सासूबाईंच्या हातांत दिलें. बोलले कांहीं नाहींत. त्या दिवशीं त्या जेवल्या, म्हणे. पुढें इकडे रहायला आल्या तेव्हां अंगावरचें लुगडें आणि ही तसबीर, एवढेंच घेऊन आल्या.”

१९१८ च्या त्या साथीनें सबंध देशांत हाहाकार उडविला, आणि मध्यप्रांत व वऱ्हाड हा भाग सर्वांत अधिक पोळलेल्या भागांपैकीं एक होता, हें मीं इतिहासांत वाचलें होतें. माझ्या कपाटांतल्या खंडांत त्या साथीची नोंद अर्ध्या बोटाच्या एका कागदी पट्टीनें होऊन राहिली आहे, हें मात्र मला ठाऊक नव्हतें. पेन्सिलीची खूणही न खपणाऱ्या माणसानें आपल्या हातानें आपला ग्रंथ कापला होता. ज्याला मी चोर म्हणत आलों, तो ग्रंथाचा धनीच होता.

तें चित्र परत न्यावें आणि झिरझिरीत कागदाखालीं जागच्या जागीं बसवावें, हा विचार माझ्या मनांत आलाच नाहीं असें म्हणेन तर तें खोटें होईल. संग्रह करणाऱ्याचा जीव उणिवेपाशीं घुटमळत असतो. परंतु तो विचार पुरा होण्यापूर्वींच मला त्याची लाज वाटली. ग्रंथ अखंड ठेवावा हें मी आजही म्हणेन; बाजारासाठीं त्यावर कात्री चालविणें हा मी अपराधच समजतों. पण ग्रंथ घरासाठीं असतो. आणि घरावर असा प्रसंग आला असतां ग्रंथानें आपलें एक पान दिलें, तर तो त्याचा भंग नव्हे.

मग आम्हीं तिघांनीं मिळून जें ठरविलें तें असें. अकोल्याचे खंड अमरावतीस आले नाहींत. उलट अमरावतीचे खंड वैशाखांत अकोल्यास गेले. तीन खोल्यांच्या त्या नव्या जागेंत काकूंच्या पलंगाशेजारीं भिंतभर फळ्या बसविल्या. चुलतभाऊ प्रथम कुरकुरला; मग सुतारास त्यानेंच बोलाविलें. काकूंचे डोळे थकतात तेव्हां त्यांची नातसून वाचून दाखविते. ऐकलेलें आणि छापलेलें काकू आतां ताडून पहातात. एके ठिकाणीं म्हणे सासूबाईंनीं सांगितलेला शेवट छापील शेवटाहून चांगला निघाला! पुढें हे सर्व खंड, एकही वेगळा न काढतां, अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या एखाद्या जुन्या वाचनालयास द्यावयाचे, असें आम्हीं लिहून ठेविलें आहे. दोन्ही शहरांत तशीं वाचनालयें आहेत, हें आपलें भाग्य. तसबीर मात्र ज्या घरीं देव असतील त्या घरीं राहील.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असे खंड असतील त्यांस एवढेंच सुचवावयाचें आहे. प्रथम एक यादी करावी : मासिकाचें नांव, साल, कोणते अंक आहेत, कोणतीं चित्रें नाहींत. शंकर गणेश दाते यांच्यासारख्या गृहस्थानें १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची एकट्याच्या चिकाटीनें सिद्ध करून १९४४ सालीं प्रसिद्ध केली. आपण आपल्या एका कपाटाची यादी करावयास कां कंटाळावें? फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें १९९७ पासून ‘गालिका’ या नांवानें आपले जुने ग्रंथ व नियतकालिकें संगणकावर सर्वांस खुलीं करावयास आरंभ केला, आणि आज तेथील कितीतरी जुने खंड अकोल्यास बसून पहातां येतात. मराठी मासिकांच्या बाबतींतही हें काम सुरू आहे. पण ज्या अंकाची प्रतच उरली नाहीं, त्याचें छायाचित्र कोण आणि कशाचें घेणार? म्हणून रद्दीवाल्यास हांक मारण्यापूर्वीं एखाद्या वाचनालयास विचारावें. आणि वाचनालयास विचारण्यापूर्वीं घरांतील सर्वांत वृद्ध बाईस विचारावें. कोणतें पान कोठें गेलें आणि कां गेलें, हें बहुधा तिला ठाऊक असतें.

१९१७ सालचा तो खंड अकोल्यास पाठविण्यापूर्वीं मीं कापलेल्या पट्टीवर एक ओळ लिहिली : ‘हें चित्र १९१८ पासून घरच्या देवघरांत आहे.’ शाई कागदास सोसावयाची नाहीं, म्हणून पेन्सिलीनें लिहिली. आजोबांच्या ग्रंथांत पेन्सिलीची ही पहिलीच खूण. ती ते चालवून घेतील असें वाटतें.